प्रकृतीच्या गप्पा : पोटातला बिऱ्हाडकरू

दिवाळीच्या दिवसांत पोटाच्या विकारांविषयी लिहिणे म्हणजे लग्नघरी जाऊन घटस्फोटाचा कायदा समजावून सांगण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. चकलीचा तुकडा मोडता मोडता अंक चाळणाऱ्या वाचकाने हे पान भराभर उलटले, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की सण आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ पोटाकडेच वळतो. यंदा त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा आला : “दुर्बिणीने तपासणी झाली, पोटात जंतू आहे म्हणाले, आणि एका दुखण्यासाठी चार चार औषधे लिहून दिली. चौदा दिवस मूठमूठ गोळ्या गिळायच्या! एका औषधाने भागत नाही का?”

प्रश्न रास्त आहे. चार औषधांची चिठ्ठी पाहिली, की “एक ना धड, भाराभर चिंध्या” ही म्हण कोणालाही आठवेल. येथे मात्र ती लागू पडत नाही. का पडत नाही, ते सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच.

प्रथम एक खुलासा. करंज्या आणि शेव यथेच्छ खाल्ल्यावर छातीत जी जळजळ होते, ती या लेखाचा विषय नव्हे. तिला लंघन पुरते. आपण बोलणार आहोत ते ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाच्या जंतूविषयी. जठराच्या आतल्या बुळबुळीत थराखाली तो बिऱ्हाड करतो आणि एकदा शिरला, की भाडे न देता वर्षानुवर्षे राहतो. पुष्कळदा तो लहानपणीच शिरलेला असतो. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटी हा बिऱ्हाडकरू आहे, असा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींच्या मात्र जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तो व्रण पाडतो, आणि थोड्यांच्या बाबतीत जठराच्या कर्करोगालाही कारण होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला माणसात कर्करोग घडविणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले.

एके काळी अल्सर म्हणजे काळजीचे आणि तिखटाचे दुखणे, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. रोग्याला दूधभातावर ठेवावे, चिडू नको म्हणावे, आणि नाहीच भागले तर शस्त्रक्रिया करून जठराचा भाग काढून टाकावा, अशी रीत होती. १९७६ साली इंग्लंडात ‘सिमेटिडीन’ हे आम्ल कमी करणारे औषध बाजारात आले आणि रोग्यांना मोठाच दिलासा मिळाला. व्रण भरू लागले. पण औषध थांबविले, की काही महिन्यांत तो पुन्हा हजर! पाहुण्याला स्टेशनवर पोचवून घरी यावे, तो तो आपल्याआधी ओसरीवर बसलेला असावा, तसा प्रकार. औषध आगीवर पाणी मारीत होते. आग लावणारा घरातच होता.

आता एक चमत्कारिक हकिकत सांगतो. ग्रीस देशात मिसोलोंगी नावाच्या गावी जॉन लिकूडिस नावाचे एक डॉक्टर होते. १९५८ साली त्यांचे स्वतःचे पोटाचे दुखणे जंतुनाशक औषधांनी बरे झाले. त्यावरून अल्सर हा जंतूंचा रोग असला पाहिजे, असे त्यांनी ताडले आणि हजारो रोग्यांना आपले मिश्रण दिले. १९६१ साली त्याचे पेटंटही घेतले. पण वैद्यकीय मंडळींना ते पटेना. १९६८ साली शिस्तभंग समितीने त्यांना ४,००० द्राख्मांचा दंड ठोठावला. १९८० साली ते वारले, तोवर त्यांचे म्हणणे कोणी मानले नव्हते.

ही हकिकत ऐकून आपल्याला त्या समितीचा राग येतो, आणि येणे स्वाभाविक आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिकूडिस यांच्याजवळ बरे झालेले रोगी पुष्कळ होते, पण तुलना नव्हती. अल्सरचा व्रण कधी कधी आपोआपही भरून येतो. “माझ्या औषधाने शंभर बरे झाले,” असे म्हणणाऱ्याला विचारावे लागते, “औषध न देता किती बरे झाले असते?” याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, तो खरा असला तरी त्याचे खरेपण सिद्ध होत नाही. वैद्यकाच्या इतिहासातली ही मोठी करुण गोष्ट आहे. आणि आजच्या आपल्या विषयाचा गाभाही तोच आहे.

पुढचा अंक ऑस्ट्रेलियात झाला. पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन हे सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे तुकडे तपासत. १९७९ साली त्यांना त्यांत वाकडे जंतू दिसले. आम्लाच्या त्या डोहात जंतू जगूच शकत नाही, असे पुस्तके सांगत होती. डोळे दुसरेच सांगत होते. १९८१ साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचा खटाटोप चालविला. तिथल्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही उगवले नाही, की बशी टाकून दिली जाई. १९८२ सालच्या ईस्टरच्या सुटीत काही बशा पाच दिवस तशाच राहून गेल्या, आणि सुटीनंतर पाहतात तो जंतूंची वाढ झालेली! बिचारा जंतू सावकाश वाढणारा होता, इतकेच.

तरीही लोक मानीनात. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी आधी आपले जठर तपासून घेतले आणि मग जंतूंनी भरलेला पेला सरळ पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, ओकाऱ्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. दहाव्या दिवशी दुर्बीण घालून पाहिले, तर जठराला सूज आणि तिथे जंतू मुक्कामाला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन २०२४ साली निवर्तले.

पेला पिण्याची ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, कारण तिच्यात नाट्य आहे. आम्हांला मात्र मार्शल यांचे त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. पेल्याने एवढेच सिद्ध झाले, की जंतू आत गेला म्हणजे जठराला सूज येते. जंतू बाहेर काढला तर अल्सर कायमचा जातो काय, आणि तो काढायचा कशाने, हे अजून ठरायचे होते.

येथे एक पेच होता. काचेच्या बशीत हा जंतू गरीब गाय असतो; पुष्कळ औषधांनी मरतो. तोच जठरात कोणा एका औषधाला दाद देत नाही. याची कारणे तीन. एक तर तो बुळबुळीत थराखाली दडलेला असतो, तिथे औषध पुरेसे पोचत नाही. दुसरे असे, की जठराच्या आम्लात काही औषधे स्वतःच नासतात. तिसरे कारण मोठे मजेचे आहे. आम्लाचा जोर असताना हा जंतू अमोनियाचे कवच करून नुसता तग धरून राहतो, वाढत नाही. आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधे वाढत्या जंतूलाच मारतात. झोपेचे सोंग घेतलेल्याला उठविता येत नाही, हे आपले वाडवडील सांगत आले आहेत. त्याला मारताही येत नाही, एवढी त्यात भर घालायची!

मग मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. ती १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. आतड्यात अल्सर आणि पोटात जंतू असलेले शंभर रोगी त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणाची निवड न करता, त्यांचे चार गट पाडले. दोन गटांना आठ आठवडे सिमेटिडीन, दोन गटांना तितकेच दिवस बिस्मथ. शिवाय प्रत्येक जोडीतील एका गटाला पहिले दहा दिवस ‘टिनिडाझोल’ हे जंतुनाशक, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी. आपल्याला खरी गोळी मिळाली की नकली, हे रोग्याला माहीत नाही. मग वर्षभर दुर्बिणीने पाहणी.

निकाल वाचकांनी शांतपणे वाचावा. नुसते सिमेटिडीन घेतलेल्यांपैकी एकाचाही जंतू गेला नाही. सिमेटिडीन आणि टिनिडाझोल घेतलेल्यांत शेकडा ९५ जणांचा जंतू कायम. नुसत्या बिस्मथने शेकडा २७ जणांचा गेला. आणि बिस्मथ व टिनिडाझोल या जोडीने? शेकडा ७०! शाळेतल्या हिशेबाने पाच आणि सत्तावीस मिळून बत्तीस होतात. येथे झाले सत्तर. दोन औषधे एकमेकांच्या शेजारी बसली नव्हती, ती एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून लढली होती. आणि हे कळले ते चारही गट समोर होते म्हणून. नुसता चौथाच गट घेतला असता, तर सत्तरांचे श्रेय कोणाला द्यायचे, हे कधीच उमगले नसते.

याच चाचणीत मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळाले. ज्यांचा जंतू राहिला, त्यांचे भरलेले व्रण वर्षभरात शेकडा ८४ जणांत परत उलटले. ज्यांचा गेला, त्यांच्यात शेकडा २१. लिकूडिस यांना जे दिसले होते, ते आता आकड्यांत उतरले.

औषधे जोडीने देण्याची ही युक्ती अगदी नवी होती असे मात्र नाही. ती क्षयरोगाने शिकविली होती. १९४८ साली इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसिनची नामांकित चाचणी प्रसिद्ध झाली. रोगी प्रथम झपाट्याने सुधारले, आणि मग पुष्कळांचे जंतू त्या औषधाला बधेनासे झाले. त्यावर तोड म्हणून दुसरे औषध जोडीला दिले, तेव्हा कोठे जंतूंची ही पळवाट बंद झाली. त्यातले तत्त्व सोपे आहे. समजा, कोटी जंतूंत एखादाच एका औषधाला न जुमानणारा निपजतो. दुसऱ्या औषधाचेही तसेच. मग दोन्ही औषधांना एकदम न जुमानणारा निपजायला कोटी गुणिले कोटी इतके जंतू हवेत. चोराने एक कुलूप उघडले तरी दुसरे आहेच! आपल्याकडे मद्रासला १९५६ साली क्षयरोगाच्या औषधांची तपासणी करणारे केंद्र निघाले. दोन औषधे नियमाने घेतली, तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे त्या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले.

पुढे सिडनीच्या थॉमस बोरोडी यांनी बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असे त्रिकूट जमविले. मग आम्ल जवळजवळ बंद करणारे ओमेप्राझोल आले. ते स्वतः या जंतूचा उच्छेद करीत नाही. पण आम्ल हटले, की झोपेचे सोंग घेतलेला जंतू वाढू लागतो आणि जंतुनाशकाच्या तावडीत सापडतो. १९९६ साली युरोप आणि कॅनडातील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ओमेप्राझोल, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन अशी तीन औषधे केवळ सात दिवस दिली, तर शेकडा ९६ जणांचा जंतू गेला. नकली गोळ्यांबरोबर नुसते ओमेप्राझोल घेतलेल्यांत शेकडा एकाचा! प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले.

पण जंतू काही निबंध वाचीत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे खोकल्या-तापालाही सर्रास दिले जाऊ लागले. त्या निमित्ताने जठरातल्या जंतूंची त्याच्याशी ओळख झाली, आणि ज्या त्रिकुटाने ९६ गुण मिळविले होते, त्याची अनेक देशांत घसरगुंडी झाली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्या जंतूंसाठी नवी औषधे तातडीने हवीत त्यांची यादी केली. तीत क्लॅरिथ्रोमायसिनला न बधणाऱ्या या जंतूला वरच्या वर्गात स्थान मिळाले.

मग नवी नवी मिश्रणे निघाली. इटलीत एक क्रमाने देण्याची पद्धत निघाली : पहिले पाच दिवस एक जोडी, पुढचे पाच दिवस दुसरी. तिचा तिकडे फार बोलबाला झाला. परंतु २०११ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा देशांत १,४६३ लोकांवर तिची परीक्षा घेतली, तेव्हा जुने त्रिकूट चौदा दिवस घेतलेल्यांत शेकडा ८२, आणि ही नवी पद्धत दहा दिवस पाळलेल्यांत शेकडा ७६ जणांचाच जंतू गेला. रोमची पदवी इकडे चालेना! तैवानात २०१६ साली १,६२० रोग्यांवर तीन पद्धतींची तुलना झाली. त्यात जुने त्रिकूट चौदा दिवस देऊनही शेकडा ८४ च्या आसपास राहिले, आणि बिस्मथसह चार औषधांची फळी दहा दिवसांत शेकडा ९० वर गेली. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली पहिला उपचार म्हणून बिस्मथ असलेल्या चार औषधांचीच चौदा दिवसांसाठी शिफारस केली. पत्रलेखकांच्या चिठ्ठीवरच्या त्या चार नावांमागे हा असा इतिहास आहे.

यातून निघणारा धडा आपल्या कामाचा आहे. औषधाची परीक्षा एकदा झाली म्हणजे जन्माची झाली, असे नाही. जिथले जंतू, तिथे ती पुन्हा घ्यावी लागते. आपल्या देशात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक शहरांतल्या एका पाहणीत शेकडा ७७ हून अधिक जंतू मेट्रोनिडाझोलला बधत नाहीत, असे दिसले. याचे नवल वाटायला नको. पोटात मुरडा आला, जुलाब झाले, की दुकानात जाऊन दोन गोळ्या मागायच्या, बरे वाटले की थांबायचे, ही आपली जुनी सवय. त्या प्रत्येक वेळी पोटातला बिऱ्हाडकरू कवायत शिकत होता. आपण ज्याला काटकसर समजत होतो, ती शत्रूची शिकवणी होती.

आता परीक्षेचे गुण कसे द्यायचे, तेही पाहू. समजा, शंभर रोग्यांना औषध दिले. त्यांपैकी वीस जण तोंड कडू पडते, मळमळते म्हणून मध्येच थांबले. उरलेल्या ऐंशीपैकी शहात्तर बरे झाले. औषध बनविणारा म्हणेल, “ऐंशीत शहात्तर, म्हणजे शेकडा ९५!” पण प्रामाणिक हिशेबनीस थांबलेल्या विसांनाही मोजतो. गिळवत नाही ते औषध बाटलीत कितीही गुणी असले, तरी रोग्याच्या उपयोगाचे नाही. ह्यूस्टनचे डेव्हिड ग्रॅहॅम आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली याच कडक हिशेबाने या उपचारांचे प्रगतिपुस्तक मांडले : शेकडा ९५ च्या वर असेल तर पहिला वर्ग, ८० किंवा त्याखाली असेल तर नापास. शाळेत ८० गुणांना पेढे वाटतात. येथे मात्र नापासाचा शिक्का, कारण शंभरातले वीस जण पुन्हा आजारी, आणि त्यांचे जंतू पूर्वीपेक्षा हुशार झालेले.

तेव्हा ज्यांच्या हाती अशी चार औषधांची चिठ्ठी पडली असेल, त्यांना आमची चार कलमे.

पहिले : पूर्वी कोणकोणती जंतुनाशके घेतली होती, ते आठवून डॉक्टरांना सांगावे. जुन्या चिठ्ठ्या पेटीत असतील तर त्याच न्याव्यात. पेनिसिलिनची वावडी असेल तर तेही आधीच सांगावे.

दुसरे : सांगितलेले दिवस पुरे करावेत. चौथ्या दिवशी जळजळ थांबली, म्हणजे जंतू मेला असे नाही. आम्ल थांबले, एवढेच. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा न्याय येथे चालत नाही. औषध सोसेनासे झाले, तर मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. बिस्मथने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. मात्र डांबरासारखे चिकट काळे होत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्ताची उलटी झाली, तर दवाखाना गाठावा.

तिसरे : औषधे संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची तपासणी करून घ्यावी. श्वासाची एक सोपी तपासणी आहे. युरिया पाजतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्याची खूण श्वासातून बाहेर येते. त्याआधी दोन आठवडे आम्ल बंद करणारी गोळी थांबवावी लागते, एरवी जंतू असूनही नाही असे उत्तर येते. पोट दुखायचे थांबले, हा काही पुरावा नव्हे.

चौथे : आपली चिठ्ठी शेजाऱ्याला देऊ नये. तुमच्या पोटातला बिऱ्हाडकरू आणि त्याच्या पोटातला, यांचे शिक्षण सारखे झालेले नसते. आणि पोट बिघडलेल्या प्रत्येकाला या उपचाराची गरज असतेच असे नाही. ते तपासणीने ठरते.

ज्या शंभर रोग्यांनी मार्शल यांच्या चाचणीत वर्षभर पुन्हा पुन्हा दुर्बीण गिळली, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतल्या काहींच्या वाट्याला नकली गोळी आली आणि त्यांचा अल्सर उलटलाही असेल. त्यांच्या सोसण्यातून आपल्या हातातली चिठ्ठी तयार झाली आहे. चौदा दिवस गोळ्या न चुकता घेणे, एवढे त्यांचे देणे आपण सहज फेडू शकतो.

बाकी फराळाविषयी आमचा आग्रह नाही. अनारसे चावून खावेत, रात्री जेवणावर जेवण करू नये, आणि पोटात जागा उरली तर ती तशीच राहू द्यावी. समस्त वाचकांना ही दिवाळी निरोगी जावो!